पेहरावाच्या गोष्टी : रानात दिसावे की न दिसावे?



गेल्या अंकात शाळेच्या ब्लेझरविषयी लिहिले होते. या वेळचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्याकडे फोनवरून चालत आला. आपल्या मंडळातल्या एका वहिनींनी विचारले, "अहो, आमचा मुलगा युनिव्हर्सिटीत आहे. त्याचा मित्र शेतकऱ्याचा मुलगा. नाताळच्या सुट्टीत त्यांनी याला शेतावर राहायला बोलावले आहे आणि शिकारीला नेणार आहेत म्हणे. तो ते लष्करासारखे हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे मागतो आहे. माझे सासरे माळकरी, त्यांना काय सांगायचे ते मी बघेन. पण कपडे घेऊ का? आणि कसले घेऊ?"

मारावे की मारू नये हा वाद या सदरात नको. तो ज्याने त्याने आपापल्या देवघरासमोर बसून मिटवावा. कपड्यांचे मात्र सविस्तर सांगते, कारण इथे चुकले तर नुसते हसे होऊन भागत नाही.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपण मराठीत सगळ्याला 'शिकार' म्हणून मोकळे होतो. इथल्या माणसाच्या तोंडी त्याचे तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे कपडे निराळे. घोड्यावर बसून कुत्र्यांच्या ताफ्यामागे धावणे ते हंटिंग. बंदुकीने पक्षी मारणे ते शूटिंग. आणि रायफल घेऊन हरणाच्या मागावर पोटावर सरपटत जाणे ते स्टॉकिंग. हंटिंगवाल्यांचा कोट चांगला लालभडक असतो (त्याला हे लोक 'पिंक' म्हणतात, का ते विचारू नका). तिथे लपण्याचा प्रश्नच नव्हता, कोल्हा नाकाने शोधायचा आणि स्वारांनी एकमेकांना दिसायचे. कुत्र्यांकरवी कोल्हा मारण्याची ती पद्धत इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने बंद झाली. तेव्हा मुलाला बोलावणे आले असेल ते शूटिंगचे, आणि त्यातही दोन प्रकार आहेत. मुलाने मित्राला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की नक्की कोणत्या प्रकाराला जायचे आहे.

एक प्रकार म्हणजे फेझंटचे शूटिंग. त्याचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी, म्हणजे नाताळ अगदी मध्यावर येतो. हाकारे काठ्या आपटत रान उठवतात, पक्षी उडून ओळीत उभ्या असलेल्या बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून जातात. पक्षी आधीच घाबरून उडालेला असतो, त्याच्यापासून लपून काय साधणार? म्हणून इथे कॅमोफ्लाज नाही. ट्वीडचे जाकीट, गुडघ्याखाली संपणारी ट्वीडची विजार, लांब लोकरी मोजे, चौकड्यांचा शर्ट आणि चक्क टाय! चिखलात उभे राहायचे पण टाय लावून. अशा ठिकाणी आपला मुलगा लष्करी ठिपक्यांत उतरला तर कोणी तोंडावर काही बोलणार नाही. इंग्रज तोंडावर बोलतच नाही, पुढच्या वर्षी बोलवायचे तेवढे विसरतो. नवख्या पाहुण्याने पहिल्या दिवशी बंदूक न मागता हाकाऱ्यांबरोबर चालावे असे मला वाटते. त्याला जुने जाकीट, पावसाची पँट आणि गमबूट पुरतात, रानही कळते आणि माणसेही कळतात.

दुसरा प्रकार कबुतरांचा. इथले वुडपिजन आपल्या पारव्यापेक्षा चांगलेच मोठे असते आणि हिवाळ्यात त्यांचे थवे रेपसीडच्या कोवळ्या पानांवर तुटून पडतात. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात त्याच दुखण्यावरचे हे इथले औषध. सगळ्या रानपक्ष्यांना इथे 1981 च्या कायद्याचे संरक्षण आहे. पीक वाचवण्यासाठी वुडपिजन मारायला सरकारची सर्वसाधारण परवानगी असते, तीही अटींसह. शिकारी बांधाच्या कडेला जाळी लावून आडोसा करतो, समोर खोटी कबुतरे मांडतो आणि दबा धरून बसतो. इथे मात्र कॅमोफ्लाज कामाचे.

आता हा रंग लपवण्याचा उद्योग आला कुठून? यात आपल्या बाजूचाही वाटा आहे. आपण 'जळून खाक झाले' म्हणतो तो खाक, म्हणजे राख, धूळ. त्यावरून खाकी. 1846 च्या डिसेंबरात हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने पेशावरला गाईड्स नावाची पलटण उभी केली आणि ब्रिटिश सैन्य लाल डगल्यात मिरवत असताना या लोकांना मातकट रंगाचे कपडे दिले. सरहद्दीवरच्या डोंगरात लाल डगला म्हणजे शत्रूला आयते निशाण. 1857 च्या धामधुमीत अनेक पलटणींनी आपले पांढरे कपडे मिळेल त्या रंगाने मळकट करून घेतले, आणि 1899 च्या बोअर युद्धापर्यंत सगळे ब्रिटिश सैन्य खाकीत आले. ठिपके आणि पट्टे त्यानंतरचे, पहिल्या महायुद्धापासूनचे. कॅमोफ्लाज हा शब्द फ्रेंचांचा. इथल्या लष्कराची ती हिरव्या-तपकिरी-काळ्या फराट्यांची नक्षी, डीपीएम म्हणतात ती, 1960 च्या दशकातली. 2010 पासून तिच्या जागी नवी नक्षी आली, आणि म्हणून जुनी डीपीएमची जाकिटे लष्करी मालाच्या दुकानांत इतकी पडलेली दिसतात.

शिकाऱ्यांना मात्र हे सगळे लष्कराच्या आधीपासून ठाऊक होते. आपल्याकडच्या पारध्यांचेच बघा. त्यांच्यात गाय पारधी म्हणून एक शाखा सांगतात. शिकवलेली गाय किंवा बैल पुढे चालवायचा आणि त्याच्या आडून सावजाजवळ जायचे. रानातल्या जनावराला चरणाऱ्या गाईचे भय नाही. संस्थानी काळात चित्त्याकडून काळविटाची शिकार करवत, कोल्हापूरचे चित्ते त्यासाठी प्रसिद्ध होते. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीतून न्यायचे, कारण काळवीट माणसाला पाहून पळे पण रोजच्या बैलगाडीला बिचकत नसे. एक ठिपका नाही की फराटा नाही. सावजाला ज्याची सवय आहे तसे दिसायचे, एवढीच युक्ती. (ते सगळे आता इतिहासात गेले. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची 1991 ची दुरुस्ती यांनी आपल्याकडे हौसेची शिकार बंद केली. पारध्यांच्या कपाळी इंग्रजांनी 'गुन्हेगार जमात' असा शिक्का मारला होता तो कायद्याने 1952 साली पुसला, लोकांच्या मनातून कधी पुसला जाणार कोण जाणे.)

स्कॉटलंडचे ट्वीड त्याच जातीचे. डोंगरावर हरणामागे जाणाऱ्या गड्यांसाठी तिथल्या जमीनदारांनी एकोणिसाव्या शतकात आपापल्या डोंगराच्या रंगाचे ट्वीड विणून घेतले. कुठे हेदरचा जांभळा, कुठे सुकल्या गवताचा पिवळा. बाल्मोरलचे ट्वीड राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, ठरवले. लांबून करडे दिसणारे, त्यात किरमिजी धागा, तिथल्या ग्रॅनाइटच्या दगडासारखे. जवळून पाहिले तर ट्वीडमध्ये पाचसहा रंग असतात, लांबून सगळे मिळून डोंगर होतो. मला यात आपली घोंगडी आठवते. पावसात काळी घोंगडी पांघरून बांधावर बसलेला धनगर दुरून धोंडाच वाटतो, आणि हलला की मगच कळते. शिवाय दोन्हींचा मोठा गुण असा की लोकर आवाज करत नाही आणि ओली झाली तरी ऊब सोडत नाही. आजचे नायलॉनचे स्वस्त कॅमोफ्लाज जाकीट चालताना चिवड्याच्या पुडीसारखे कुरकुरते. मुलाला दुकानात जाकीट घालून हात मागेपुढे करायला सांगा. तुम्हाला आवाज आला तर हरणाला त्याआधीच आला असे समजा.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याला दिसते काय? हरणाचे डोळे आपल्यासारखे नाहीत. 1994 साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी दोन जातींच्या हरणांचे डोळे तपासले, त्यातली एक म्हणजे इथल्या उद्यानांत आपण पोरांना दाखवतो ती ठिपक्यांची फॅलो. त्यांच्या डोळ्यात रंग ओळखणारी यंत्रणा दोनच प्रकारची निघाली, आपल्याकडे तीन असतात. म्हणजे लाल, नारिंगी आणि हिरवा यांतला फरक हरणाला जवळजवळ कळत नाही. उलट निळा त्याला झगझगीत दिसतो. म्हणून रानात जाताना निळी जीन्स नको. आणि म्हणूनच अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकाऱ्याला भडक नारिंगी अंगरखा घालण्याची सक्ती आहे. माणसाला मैलावरून दिसतो, हरणाला नाही. इथे अशी सक्ती नाही.

पक्ष्याचे उलटे. कबुतराला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो, आणि डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मागचेही बरेच दिसते. त्याला फसवणे कठीण. पण तिथेही नक्षीला फार महत्त्व देऊ नका. नव्वद टक्के शिकारी कबुतराला दिसतो तो हलल्यामुळे, असे जुने लोक सांगतात. टक्क्यांचा हिशेब त्यांचा त्यांच्यापाशी, पण गोष्ट खरी आहे. पक्षी आला की नवखा माणूस मान वर करतो, आणि वर वळलेला चेहरा चमकतो. म्हणून रुंद कडेची टोपी, तोंडावर जाळीचा पडदा आणि हातमोजे हे महागड्या जाकिटापेक्षा उपयोगी. आपल्या सावळ्या वर्णाचा इथे एकदाचा फायदा झाला असे कोणी म्हणेल. पण कपाळावरचा घाम आणि चष्म्याची काच सगळ्यांचीच सारखी चमकते, तेव्हा पडदा आपल्यालाही हवा.

नक्षी घेताना एवढेच बघावे की ती जागेच्या रंगाशी जुळते का. डिसेंबरातले इंग्लंड हिरवे कमी आणि वाळक्या गवताचे, तांबूस पानांचे जास्त असते. उन्हाळी हिरवे जाकीट तेव्हा उघड्या कुंपणापुढे पाटीसारखे दिसते. फार बारीक ठिपके दहा पावलांवर एकजीव होऊन काळपट गोळा दिसतो, मोठे फराटे आकृती तोडतात. पण खरे सांगायचे तर साधे शेवाळी रंगाचे लोकरी किंवा फ्लीसचे जाकीट आणि तपकिरी पँट याने कबुतरांचे काम भागते, आणि तेच जाकीट मुलगा कॉलेजात घालू शकतो. गावाकडच्या चॅरिटी दुकानात फिरलात तर उत्तम ट्वीडही कवडीमोलाने मिळून जाते. हॅरिस ट्वीड मिळाले तर सोडू नका. 1993 च्या कायद्याप्रमाणे ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडल्या बेटांवर, विणकराच्या घरीच, हातमागावर विणलेले असावे लागते. खादीवर वाढलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको.

आता वहिनींना जे मुद्दाम सांगितले ते लिहिते. पक्ष्याला दिसू नये, पण बरोबरच्या माणसांना दिसावे. झुडपात बसलेला, जाळी ओढलेला, न हलणारा मुलगा दुसऱ्या बंदूकवाल्याला कबुतराइतकाच दिसत नाही! म्हणून कोण कुठे बसणार हे निघण्याआधी ठरवायचे, ठरली जागा न सांगता सोडायची नाही, आणि ये-जा करताना, विशेषतः संधिप्रकाशात, खिशातला नारिंगी अंगरखा वर चढवायचा. सायकलवाल्यांचा तो पातळ अंगरखा चालतो. माझे मत विचाराल तर कॅमोफ्लाजपेक्षा आधी तोच विकत घ्यावा. कानांना संरक्षण आणि डोळ्यांना चष्मा हे यजमानाकडून मिळते का ते विचारावे. पँट मोज्यांत खोचावी, कारण रानात गोचीड असते आणि तिच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. हिवाळ्यात कमी, पण खोचावी.

दुसरे, आणि हे जरा स्पष्ट लिहिते. लष्करी नक्षीतला, तोंडावर जाळी ओढलेला, हातात लांब पिशवी असलेला सावळा तरुण खेड्याच्या रस्त्यावर एकटा चालताना दिसला तर कोणीतरी पडद्याआडून पोलिसांना फोन करेल. आपल्यातल्या एका पक्षीमित्राच्या बाबतीत नुसत्या कॅमेऱ्याच्या तिपाईवरून असे घडले आहे. पोलीस सभ्यपणे बोलले, चहाही झाला, पण त्या गृहस्थांनी तो रस्ता सोडला तो सोडला. हे योग्य नाही हे मलाही कळते. तरी पोराला पाठवताना तत्त्व आणि छत्री दोन्ही बरोबर द्यावीत. मुलाने मित्राबरोबर किंवा त्याच्या वडिलांबरोबरच असावे, एकट्याने नाही. बंदूक ज्याची त्याच्याच हाती, रस्त्यावर पिशवीत बंद. शॉटगनचे पोलिसांचे प्रमाणपत्र ज्याच्या नावे त्याच्या नजरेखालीच नवख्याने ती हाताळायची, आणि त्याचे नियम काय ते यजमानाला आधीच विचारून घ्यायचे. कित्येक शेतकरी शूटिंगच्या दिवशी 101 वर पोलिसांना कळवून ठेवतात, तसे करता का हेही विचारायला संकोच नको. आणि शेताबाहेर पडताना, दुकानात किंवा पबमध्ये जाताना जाकीट आणि जाळी गाडीत ठेवायची. अंगात साधा स्वेटर असावा.

कायद्याने इथे ठिपक्यांचे कपडे घालायला बंदी नाही. 1894 चा जो गणवेशाचा कायदा आहे तो लष्कराचा खरा गणवेश, पलटणीच्या खुणांसह, घालण्याविषयी आहे. दुकानातून घेतलेल्या जुन्या जाकिटावर बिल्ले किंवा पट्ट्या राहिल्या असतील तर उसवून टाका. मात्र हेच जाकीट घालून पुण्याला जाऊ नका. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर भारतीय लष्कराने लोकांना असे कपडे न वापरण्याचे आवाहन केले होते, आणि 2022 मध्ये आलेली त्यांची नवी नक्षी तर मुद्दाम नोंदवून राखून ठेवलेली आहे. कॅरिबियनच्या सहलीला निघालेल्यांनीही सामान तपासावे. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद इथे साध्या माणसाने कॅमोफ्लाज घालणे हा गुन्हा आहे, लहान मुलांची चड्डीसुद्धा चालत नाही.

ज्यांच्या घरात कोणी शिकारीला जाणार नाही, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक, त्यांनाही यात घेण्यासारखे आहे. पक्षी पाहायला जाणाऱ्यांना लपणात बसायचे असेल तर वरचे सगळे जसेच्या तसे लागू, फक्त बंदुकीऐवजी दुर्बीण. आणि नुसते फिरायला जाणाऱ्यांना उलटे. ऑक्टोबर ते जानेवारी शेतांमधून, रानांमधून पायवाटेने जाताना लाल, पिवळे, जे काही उठून दिसेल ते घाला. पायवाट तुमच्या हक्काची आहे, पण शूटिंग चालू दिसले तर थांबा, हात वर करा, ते थांबले की जा. आपल्या बायकांच्या भडक शाली या बाबतीत इथल्या शेवाळी जाकिटांपेक्षा शहाण्या आहेत.

राहता राहिले धुणे. इथल्या बहुतेक साबणाच्या पुडीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून एक द्रव्य घातलेले असते. ते अतिनील प्रकाश घेऊन निळसर उजेड बाहेर टाकते. आपल्याला कपडा स्वच्छ वाटतो, हरणाला आणि कबुतराला तो दिवा लावल्यासारखा दिसतो. शंभर पौंडांचे कॅमोफ्लाज एका धुण्यात वाया जायचे! तेव्हा रानातले कपडे असे द्रव्य नसलेल्या साबणाने, थंड पाण्यात, घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. सुगंधी कंडिशनर तर मुळीच नको, हरणाचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असते, आणि फोडणीच्या वासाचेही तेच, म्हणून ते जाकीट स्वयंपाकघरामागच्या खुंटीवर टांगू नका. गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये लटकवा. ट्वीड धुऊच नये. चिखल वाळू द्यावा, ब्रशने झाडावा, आणि लांडग्याच्या कातड्यासारखा वास यायला लागला तर एक दिवस वाऱ्यावर टाकावे. पावसात भिजलेले ट्वीड रेडिएटरवर घालू नका, आखडते.